रिकाम्या खुर्च्यांची यादी

माझं तोंड फटकळ आहे, हे धडगावात कुणालाही विचारा. आरोग्य खात्याची आशाताई म्हणून मी पाड्यापाड्यांवरच्या बाळंतिणी सांभाळते. तिथे गोड बोलून जीप मिळत नाही.

त्या दिवशी नंदुरबारला बैठक होती. दुर्गम भागासाठी हेलिकॉप्टर सुरू करायला सरकार मदत करणार होतं, आणि धडगावला थांबा द्यायचा की नाही, ते ठरायचं होतं. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले. हेलिकॉप्टरात सहा खुर्च्या, आणि ज्या रिकाम्या जातील त्यांचे पैसे सरकार भरेल, असं साहेब सांगत होते.

शेजारी रनाळ्याचा एक व्यापारी बसला होता. मिस्कील हसत म्हणाला, "मी ते धंदाकरता जासू. ताई, तुन्हं काय काम शे?"

"आजारी माणसं न्यायचीत," मी म्हटलं.

साहेबांच्या कानावर ते गेलं. "डोंगरातलं कोण बसणार हो हेलिकॉप्टरात?" सगळे हसले. माझ्या मस्तकात तिडीकच गेली. ऊसतोडीला ट्रकमध्ये कोंबून गुजरातला नेताना आमची माणसं चालतात, आणि हेलिकॉप्टर म्हटलं की तुम्हाला हसू येतं? मी उभी राहिले. "कागद द्या. नावं लिहून देते."

त्यांनी प्रवाशांच्या नोंदीचा छापील तक्ता दिला. व्हरांड्यात बसून त्यावर माझ्या वहीतून एकेक नाव उतरवलं. ज्यांना ज्यांना तातडीनं मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं, ते सगळे. प्रत्येक नावापुढे प्रवासाच्या कारणाखाली 'व्यवसाय' आणि 'पर्यटन' एवढंच छापलेलं. मी दोन्ही खोडून 'जगायचं आहे' असं लिहिलं. अठरा वेळा लिहिलं.

आत जाऊन दिली, तशी साहेबांनी यादी पाहिली. "या तिघींपुढे फोन नंबर नाही."

"त्या वारल्या."

"मग ताई, यादीत कशाला घातल्यात?" त्यांचा आवाज जरा मऊ झाला होता, पण नावं खोडायला पेन उघडलं होतं. तिघींतलं पहिलंच नाव माझ्या नणंदेचं. बाळंतपणात रक्त थांबेना, म्हणून जीपनं निघालो होतो. घाटात दरड पडलेली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती विचारत राहिली, "वहिनी, अजून किती वळणं?" आणि मी खोटं बोलत राहिले, झालंच म्हणून.

पेन तिच्या नावावर आलं तसा मी कागदावर पंजा ठेवला.

"साहेब, रिकाम्या खुर्च्यांचे पैसे सरकार भरणार म्हणालात ना? मग या तीन खुर्च्या रिकाम्या आहेत. यांच्या नावानं भरा."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, तरी मी हात उचलला नाही.