सहीची जागा

मोताळ्याला कोर्टाबाहेर टिनाखाली बसून ते काका लोकांचे कागद लिहितात. मी गेले की चष्मा कपाळावर सारतात आणि विचारतात, "काय नाव म्हणे माय तुमचं?" इतक्या तारखा झाल्या, तरी माझं नाव त्यांच्या लक्षात राहत नाही.

दोघा भावांनी मिळून माझ्याकडून पैसे उसने घेतले, तो कागद काकांनीच लिहिला होता. माझ्या हातून तो हरवला. थोरल्यानं कर्ज कबूल केलं. धाकटा म्हणाला, "म्या सहीच नाही केली." मग वकिलांनी काकांना साक्षीला बोलावलं. माझं नाव विसरणारा माणूस काय सांगणार, म्हणून मी घाबरले.

काका म्हणाले, "सायेब, यानं थोरल्याच्या सहीच्या वरतीच सही ठोकली. म्या तवाच टोकलं होतं."

धाकटा ताडकन उठला. "खोटं हाय! म्या बराबर खालीच केली होती!"

कोर्टात हशा पिकला. साहेबांनी ते लिहून घेतलं.

मलाही सह्या एकाखाली एकच आठवत होत्या. बाहेर आल्यावर धीर करून विचारलं, "काका, तुम्ही चुकले, का मुद्दाम म्हनलं?"

त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

"काय नाव म्हणे माय तुमचं?"