वाढप्याची वाट

दौलतराव पंगतीत शिरले की जेवणारे आधी पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरत. उपयोग व्हायचा नाही. दौलतराव बोटांच्या फटीतून वरण ओतत. दारव्ह्यात लग्न असो की बारसं, वांग्याच्या भाजीची बादली त्यांच्याच हातात. "पत्रावळीचं पान दिसलं का पाहुणा उपाशी समजा," हे त्यांचं शास्त्र. मी नवा मास्तर म्हणून गावात आलो आणि त्यांच्या माडीवर भाड्याने राहिलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला इतकं जेवू घातलं की दुपारच्या शाळेत मी उभ्यानेच शिकवलं. बसलो असतो तर घोरलो असतो.

या आग्रहामागे चुलीपाशी काकू असत, त्यांची बायको. पोळ्या काकू लाटत, शाबासकी दौलतराव घेत. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरेल ते काकू खात, गार. दोन वर्षं त्या घरात राहिलो, पण त्यांना जेवताना मी पाहिलं नव्हतं.

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. एका साली कापूस बरा झाला आणि दौलतरावांनी पशुपतिनाथाला जायचं जाहीर केलं. "देव तं आहेच, मास्तर. पण हिले एक डाव बसवून जेवू घालाचं आहे. दुसऱ्यानं वाढलेलं, गरम गरम." इंग्रजी वाचणारा म्हणून मलाही सोबत घेतलं. नेपाळ म्हणजे परदेश. छोट्या गाडीच्या स्टेशनावर आम्हाला हार घातले गेले. काकूंनी मात्र गपचूप दशम्यांचं गाठोडं बांधून घेतलं.

काठमांडूत दर्शन झाल्यावर दौलतरावांनी गोऱ्या प्रवाशांनी गजबजलेलं एक हॉटेल हेरलं. जिथे गर्दी तिथे स्वयंपाकी चांगला, असं त्यांचं म्हणणं. वाढपी कोट घातलेला. मी कार्ड वाचून मांस नसलेलं तेवढं मागवलं. आलं काय, तर प्रत्येकापुढे परातीएवढ्या पांढऱ्या बशीत उकडलेल्या बटाट्याचे दोन तुकडे, मूठभर वाटाणे, पावाचे दोन काप. सगळं थंडगार. मला हसू आवरेना.

दौलतरावांनी एक तुकडा खाल्ला आणि हात मांडीवर ठेवून ऐटीत बसले. हे नुसतं चवीपुरतं वाढलंय, बादलीवाला मागून येतोच आहे, याची त्यांना खात्री होती. मालक येऊन आग्रह करेल तेव्हा आपण किती वेळा नको म्हणायचं, हेही त्यांनी मनाशी ठरवलेलं असणार. काकूंनी बशीला हात लावला नव्हता. मी जेवा म्हटलं, तर पदर सावरत हळूच म्हणाल्या, "त्यायचं होऊ द्या, मास्तर. जेवीन मी मंग."

असा अर्धा तास गेला. दौलतराव वाढप्याची वाट पाहत होते, काकू दौलतरावांची. शेवटी कोटवाला आला. या दोघांना काही नको आहे असं समजून त्याने दोन्ही बशा उचलल्या आणि तो आत गेला. मी मागे धावलो, तर स्वयंपाकघर बंद झालं म्हणाला. आमची मोटारही सुटायला आली होती.

मोटारीत काकूंनी गाठोडं सोडलं. कडक झालेली दशमी मोडून आधी दौलतरावांना दिली, मग मला. उरलेला चुरा त्यांनी खिडकीकडे तोंड करून खाल्ला.

दारव्ह्यात दौलतरावांनी त्या हॉटेलची पार अब्रू काढली. ओसरीवर रोज खेळ. "आलू म्हणजे उकडलेला कापूस!" असं म्हणून ते तोंड वाकडं करत. कोटवाल्याचं काम माझ्याकडे. लोक पोट धरून हसत आणि त्यांच्यासाठी काकू आतून चहा पाठवत. काकूंच्या बशीची गोष्ट आम्ही दोघांनीही कधी सांगितली नाही.

पुढच्याच हिवाळ्यात काकू तापाने गेल्या. तेरवीला दौलतराव मांडवात उभे राहिले आणि म्हणाले, आज पहिले बाया बसवा. वडीलधारे एकमेकांकडे पाहू लागले. त्यांचे थोरले भाऊ म्हणाले, "दौलत, असं कुठं असते का? बस खाली." तोवर पुरुषांची पहिली पंगत बसलीही होती.

दौलतराव माझ्याजवळ आले. "साऱ्या तालुक्याले जेव जेव म्हणलं, मास्तर. तिलेच नाही म्हणलं. नेपाळात गेल्यावरही नाही."

बायांची पंगत शेवटीच बसली. वरण गार झालं होतं. दौलतराव बादली घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फिरले. एकीनेही पानावर हात आडवा धरला नाही, आणि 'घ्या' हा शब्द काही त्यांच्या तोंडून फुटला नाही.