दादाचे जास्तीचे पऱ्हे

शहापूरहून सकाळच्या एस.टी.ने आलेला माणूस दारात उभा राहिला, तेव्हा मी त्याला आधी पाणी दिलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "बाई, दादा गेले जी." शेतातून आला, ओसरीवर टेकला आणि संपलं... माझा चुलत भाऊ नामदेवदादा, कसलंही संकट आलं तरी तगून राहायची तयारी आयुष्यभर करणारा माणूस, असा काहीच तयारी न करता निघून गेला. मला त्याचा रागच आला. अजूनही येतो.

दादाला पुस्तकांचं वेड होतं, पण कथाकादंबऱ्यांचं नव्हे. भंडाऱ्याला आला की रद्दीच्या दुकानात ठाण मांडायचा आणि राखेचा साबण, परसबाग, मधमाश्या, साप चावल्यावरचे उपाय, दुष्काळात धान्य टिकवणं, असली पुस्तकं पिशवी भरून न्यायचा. रॉकेलच्या रांगा लांबल्या तसं हे वेडही वाढलं. घरी आलेल्याला चहाच्या आधी पुस्तक मिळे. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्या पाहुण्याच्या हाती त्याने विहीर खोदण्याचं पुस्तक ठेवलं होतं. "वाचून ठेव गा. उद्या एस.टी. बंद पडली, रॉकेल संपलं, तं कोणापाशी हात पसरशील?" यावर वहिनी आतून म्हणे, "एस.टी. बंद पडली तं पाहुणे इथंच राहतीन. तांदूळ जास्त टाकते."

एका उन्हाळ्यात वहिनी माहेरी गेली आणि दादाच्या हाती धान साठवण्याचं पुस्तक लागलं. उकडून वाळवलेल्या धानाला कीड लागत नाही, असं त्यात लिहिलं होतं. उकड्या तांदळाचं आमच्याकडे कोणाला नवल नाही, पण दादाने कोठीच रिकामी केली. अंगणात मोठाली भांडी चढली, मजूर लागले, आणि त्या धांदलीत बियाण्याचं पोतंही उकळत्या पाण्यात गेलं. पेरताना रंग जरा वेगळा वाटला, तर "वाळवणाचा रंग हाय," म्हणून त्याने पेरून टाकलं. पुढे सगळ्यांकडे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हिरवेगार उभे राहिले आणि दादाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, नुसता चिखल!

मी तेव्हा तिथेच होते. पुन्हा पेरायला वेळ उरला नव्हता, वर्षाचं पीक हातचं जाणार होतं. वाट एकच होती. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपलेल्यांकडून उरलेले पऱ्हे मागून आणायचे. गावात सगळेच तसं करतात. पण दादा मागणार? तो पुस्तकांकडे पाठ करून बसून राहिला. शेवटी वहिनी म्हणाली, "मी जाऊ का मागाले?" तेव्हा कुठे उठला. मीही मागोमाग गेले. शेजारच्या सुखदेवभाऊंच्या बांधावर तो उभा राहिला खरा, पण पऱ्ह्यांऐवजी पावसाचंच बोलू लागला. भाऊंनीच ओळखलं. "काहून गा नामदेव, लाजून राहिला? तुह्या घरून पुस्तक नेतो, तवा मी लाजतो का?"

दादा रडला. भरदिवसा, सगळ्यांदेखत. मग दोघांनी मिळून पऱ्ह्यांच्या जुड्या बांधल्या.

पुस्तकं वाटणं काही थांबलं नाही, हात पसरण्याचं ते वाक्य मात्र त्याच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. आणि दर वर्षी रस्त्याच्या कडेच्या बांधीत तो स्वतःच्या गरजेपेक्षा जास्तीचं बियाणं टाकू लागला. आपली रोवणी झाली की बांधावर उभा राहून ज्याला कमी पडेल त्याला हाका मारायचा.

परवा मी वहिनीकडे गेले, तर यंदाची रोवणी उरकली होती. जाण्याआधी त्याने टाकलेले ते जास्तीचे पऱ्हे तसेच उभे होते. "कोणी येऊनच नाही राहिलं, बाई," वहिनी म्हणाली. "मयताच्या घरी कसं मागावं, म्हणतेत. पिवळे पडतीन आता..."

मी बांधावर चढले. शहरात राहून मोठ्याने बोलायची सवय गेली आहे. पहिली हाक बांधापलीकडे गेलीच नाही. दुसरी निघाली.

"पऱ्हे उरले हायेत गा... न्या!"

पलीकडच्या बांधीत वाकलेली एक बाई सरळ झाली आणि पदर खोचून आमच्याकडे यायला निघाली.