तापीपल्याडचा मणका

नरडाण्याला गाडीतून उतरलो तेव्हा माझ्याजवळ सामान एकच होतं: बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि आत गच्च भरलेला कापूस. जळगावहून कापूस घेऊन कपाशीच्याच मुलखात आलेला माणूस पाहून तिकीट घेणाऱ्याला हसू आवरेना. त्याला काय सांगणार? त्या डब्यातून मला एका समुद्रातल्या प्राण्याचा मणका न्यायचा होता आणि तो आमच्या नानांच्या हातावर ठेवायचा होता.

नाना म्हणजे शाळेतले आमचे सृष्टिशास्त्राचे मास्तर. जन्मभर त्यांनी एका विलायती तक्त्यावर बोट ठेवून लांब मानेच्या सागरी सरड्यांचा धडा शिकवला. जमिनीवरचे प्राणी पुन्हा पाण्यात शिरले, पिढ्यानपिढ्या पायांची वल्ही होत गेली, मानेत मणक्यामागून मणके वाढले. "समुद्र हे त्यांचं माहेर," नाना म्हणत, "परत गेले खरे, पण श्वास सासरचाच राहिला. सारखं नाक वर काढावं लागे." आता मोतीबिंदूनं नानांची दृष्टी गेली आहे आणि तक्ता वाळवीनं खाल्ला. अशात शिरपूरकडे मास्तर असलेल्या एका वर्गबंधूचं पत्र आलं की इथल्या एका विहिरीपाशी रिळासारखा दगड आहे, मला तर मणकाच वाटतो. नानांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"आपल्याकडे सगळा काळा दगड. त्यात हाड यायचं कुठून?" असं म्हणाले, आणि लगेच, "पण खालून बघ. जोडीनं दोन खळगे असले तर मानेचाच. एकदा हाताला लागू दे रे."

स्टेशनाबाहेर एक बैलगाडी ठरवली. गाडीवान भाऊ बोलका होता.

"आसरासना दर्शनले चालनात का?" त्यानं विचारलं. साती आसरा म्हणजे पाण्याच्या सात देवी. विहिरीकाठी सात दगड मांडून त्यांची पूजा करतात. मी मान हलवली. दगड उचलायला चाललोय हे सांगायची माझी छाती झाली नाही.

तापीच्या काठी भाऊनं फडकं सोडलं. कळण्याची भाकरी (ज्वारीत उडीद घालून दळलेली), वांग्याचं भरीत आणि कांदा. भरीत इतकं तिखट की मी नदीचं पाणी ओंजळी-ओंजळीनं प्यालो आणि भाऊ मनसोक्त हसला. होडीत बसताना माझा पाय घसरला. मी गुडघ्यापर्यंत भिजलो, डबा मात्र डोक्यावर धरला होता. पलीकडून वर्गबंधूच्या गावापर्यंत पायवाट. उत्तरेला सातपुडा निळा दिसत होता.

वर्गबंधू शाळेत अडकला होता, म्हणून मी एकटाच विहिरीवर गेलो. निंबाखाली सात दगड होते. सहा काळे, गुळगुळीत. सातवा पिवळट, जातीनंच निराळा. त्यांच्यापुढं एक म्हातारी झाडत होती. गाव तिला अक्का म्हणे.

"हाऊ दगड आठला नही शे," माझी नजर ओळखून ती म्हणाली; आठला म्हणजे इथला. "मना माहेरना शे. सातपुडाना पल्याड, नर्मदाकडला, नालामा सापडेल. मनी मायनी लगीनमा ओटीमा दिधा व्हता. आठे सहाज आसरा व्हत्यात. सासू बोलनी, इले बी बसाड."

मी तो खालून पाहण्याची परवानगी मागितली. तिनं मला तो उचलू दिला नाही. स्वतः उचलला, मांडीवर घेतला, तांब्याभर पाण्यानं धुतला आणि उलटा केला. शेंदूर न लागलेल्या त्या अंगाला शेजारी शेजारी दोन खळगे. मी बोट घालून पाहिलं. माझा दुसरा हात आपसूक डब्याचं झाकण उघडायला गेला.

"नेवाले उनात का?" अक्कानं डब्यातला कापूस पाहिला होता.

मग मी सगळंच सांगितलं. नाना, तक्ता, तो प्राणी, त्याचं पाण्यातून बाहेर पडणं आणि परत जाणं. तिनं ऐकून घेतलं.

"मंग हाई बी माहेरथीन दूर पडेल शे," ती म्हणाली. दगडावरचं पाणी पदरानं टिपत तिनं विचारलं, "समुद्र दखेल शे का तुम्हीन?"

"नाही अक्का. नानांनीही नाही."

"तुम्ही लई गयात ते आठे सहाज ऱ्हातीन," ती हळूच म्हणाली. मी डब्याचं झाकण लावलं. तिनं नुसतं ‘नेऊ नका’ म्हणून दगड खाली ठेवला असता, तर मी हुज्जत घातली असती.

ती उठली, विहिरीच्या थारोळ्यातला काळा चिखल घेऊन आली आणि चुलीची माती मळावी तसा मळला. दगडाच्या खालच्या अंगाला राख फासली, वर चिखल दाबला आणि अलगद सोडवला. खळग्यांच्या जागी चिखलात दोन उंचवटे उठले. उन्हात वाळेपर्यंत आम्ही दोघं निंबाखाली बसलो. तिला माहेरी जाऊन किती वर्षं झाली, ते तिला मोजता आलं नाही. तिकडे आता कुणी नव्हतं.

"कधी तिकडे गयात ते दखा," निघताना ती म्हणाली, "मना माहेरना नाला वाहस का."

परतीच्या गाडीत ठसा कापसात आणि डबा मांडीवरच होता. तरी धक्क्यानं ठशाचा एक कोपरा तुटला. जळगाव येईपर्यंत मी नानांपुढं काय बोलायचं ते घोकत होतो.

नाना माडीवर पडून होते. ठसा हातावर ठेवला. त्यांची बोटं कडेनं फिरली, मध्ये आली, दोन उंचवट्यांवर थांबली.

"हे उलटं आहे."

"ठसा आहे, नाना. मणका तिथंच ठेवला." आणि मी अक्काची हकिगत सांगितली.

ते रागावतील असं वाटलं होतं. कितीतरी वेळ त्यांनी दोन बोटं त्या दोन उंचवट्यांवरून काढलीच नाहीत. बंद डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"त्या नाल्यात बाकीची मान असेल," शेवटी ते म्हणाले. "थंडी सरली की जाऊ. बाईंनाही बरोबर घेऊ. त्यांना वाट माहीत असेल."

मी हो म्हणालो. नाना माडीचा जिना शेवटचे उतरले, त्याला तीन वर्षं झाली होती.