गुरुबसप्पा सरांचा चौथा चौकोन

गुरुबसप्पा सर ठरल्या वेळी मेले नाहीत, आणि ही गोष्ट पचवायला त्यांना दहा वर्षं लागली. वेळ कुणा ज्योतिषानं काढून दिली नव्हती. सरांनीच गणित करून काढली होती.

सर लातूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात. तरुणपणी रक्ततपासणीत एचआयव्ही निघाला. कसा झाला ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आपणही विचारू नये. दुसरा कुणी रडला असता, देवाशी भांडला असता. सरांनी जिल्ह्यातल्या साथीचं मॉडेल मांडलं. कागदावर चार चौकोन काढले: निरोगी, लागण झालेले, आजारी आणि मेलेले. आजार किती वेगानं पसरतो, लागण झालेला माणूस किती काळ तगतो, हे आकडे घातले की कोण कधी कुठल्या चौकोनात जाणार ते समीकरण सांगतं. जिल्ह्याचा हिशोब जमला, तिथं थांबायचं ना! पण हात दाखवून अवलक्षण करायची हौस. सरांनी त्यात स्वतःचं वय घातलं. उत्तर आलं २०१४, फार तर दिवाळी.

आकडे जुने होते, फुकट गोळ्या सुरू व्हायच्या आधीचे. पुढं गोळ्या आल्या, सर त्या इमानदारीनं गिळूही लागले. पण संशोधनाच्या नियतकालिकात छापून आलेलं आपलं समीकरण खोटं कसं म्हणायचं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

मग मरणाची तयारी सुरू झाली. मोटारसायकल पुतण्याला, श्रीशैलला देऊन टाकली. उदगीरला जाऊन नातेवाइकांच्या घरोघरी शेवटचं जेवून आले. चुलतभावाचं बांधाचं भांडण मोठ्या मनानं माफ केलं. २०१५ उजाडलं तेव्हा चुलतभाऊ बांध आणखी वीतभर सरकवून बसला होता, आणि दिलेली माफी परत कशी घ्यायची याला समीकरण नव्हतं. श्रीशैलच्या मागं बसून कॉलेजात जाताना सर स्वतःची समजूत घालायचे, मॉडेलमध्ये थोडीफार चूक धरावीच लागते. ती थोडीफार चूक ते दर दिवाळीला एकेक वर्षानं वाढवत राहिले.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. सिंधुचं तेवढं नेता येत नव्हतं.

लातुरात ओळखीचे फार, म्हणून सर गोळ्यांसाठी नांदेडला जायचे. तिथल्या रांगेत सिंधु भेटली. विधवा, ब्लाउज शिवून पोट भरणारी, तोच आजार, त्याच गोळ्या. ती डब्यात भाकरी आणि ठेचा आणायची आणि अर्धा डबा सरांपुढं सरकवायची. एक दिवस तिनं सरळ विचारलं, "सर, आपण लगीन करावं का?" सरांचा जीव तिच्यावर जडला होताच. पण त्यांनी पिशवीतून आलेख काढला आणि २०१४च्या दिवाळीवर बोट ठेवलं. "तुला दुसऱ्यांदा विधवा कशाला करू?" आपलं झिजणं तिला दिसू नये म्हणून त्या साली त्यांनी गोळ्या लातूरला घ्यायला सुरुवात केली, फोनचा नंबरही बदलला. आपण फार मोठा त्याग केला असं त्यांना वाटलं होतं.

यंदा वर्गात शिकवता शिकवता त्यांनी नवे आकडे घातले आणि फळ्यासमोर थिजले. रेषा सत्तरीच्या पार जात होती. सरांनी नवा आलेख छापून खिशात घातला. नांदेडला चौकशी केली तर कळलं, सिंधुचं हदगावला शिलाईचं दुकान आहे. आणखी काही विचारायचं धाडस झालं नाही. पन्नाशी उलटलेला माणूस नवा सदरा घालून बसमध्ये बसला.

"सर?" सिंधुच्या हातातली कात्री खाली पडली. "तुमी तर गेलात ना?"

"नाही," सर ओशाळून म्हणाले.

"अहो, भाईर या! लातूरचे सर आलेत. जित्ते हायेत!"

आतून नरसिंग आला, तिचा नवरा. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती.

"तुमीच दिवाळी सांगितली व्हती," सिंधु डोळे पुसत म्हणाली. "रांगेत दिसायचे बंद झालात, फोन लागंना. कॉलेजात जाऊन मी कोण म्हणून इचारू? लई वर्षं वाट बघितली. मंग धरलं, गेलेच."

तपासणीला यायचा थांबला त्याला चौथ्या चौकोनात टाकायचं, हा नियम सरांच्याच मॉडेलमधला होता.

नरसिंगनं चहा पुढं केला. "दर सर्वपित्रीला तुमच्या नावाचं ताट वाढती ही."

"तुमच्या लिंगायतांत पितरं घालत न्हाईत, ठाव हाय मला," सिंधु म्हणाली. "पर तुमचं दुसरं कोण करणार? निस्ता कावळा शिवायचा न्हाई, सर. बाकीच्यांचं खाऊन जायचा, तुमचं तसंच. मला रडू यायचं. म्हणायची, सरांचं काय तरी सांगायचं राहून गेलंय."

सरांनी आलेखाच्या खिशावर हात दाबून धरला.

"काही नव्हतं राहिलं, सिंधुताई," ते म्हणाले. तिला ताई म्हणायची त्यांची ती पहिलीच वेळ होती.