सोलापूरचा दिवा आणि आत्याची तीट

आत्याच्या छातीत गाठ होती. ती तिनं दोन महिने लपवली आणि मग मलाच सांगितली. मी शाळेत शिकवते आणि शिकवणाऱ्यांना सगळं कळतं, असं तिचं मत. सोलापुरात एका डॉक्टरीणबाईंकडे गाठ उजेडात पाहायचा दिवा आलाय, एवढं मला खरंच कळलं होतं. आम्ही निघालो.

मैंदर्गीहून अक्कलकोटपर्यंत सर्व्हिस मोटार. पुढच्या बाकावर बसावं; मागं धूळच खावी लागते. मग अक्कलकोट रोड स्टेशनाहून आगगाडी. ती उशिरा येते, म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर असावी.

"कापत्यात का गं?" फलाटावर आत्यानं विचारलं.

"दिव्यावर कळेल. आत पाणी असेल तर उजेड आरपार येतो. घट्ट गाठ असेल तर काळं दिसतं."

"मग भाकरी खा की. काळं तर तुझंच तोंड पडलंय."

सोलापूर स्टेशनाबाहेर टांगे मिळतात. दवाखान्यात सकाळीच पोचावं, कारण काळ्या पडद्यांच्या खोलीत डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसवून ठेवतात. उजेड असेतो पदर काढणार नाही, असं आत्यानं बजावलं. डॉक्टरीणबाईंनी पदराआडूनच गाठ चाचपली आणि बत्ती मालवली.

खालून दिवा लागला. कंदिलावर धरलेल्या तळहातासारखी छाती तांबडी उजळली. गाठीच्या जागी काळा, गोल डाग.

तेवढ्यात मी आत्याशिवायचं घर पाहून आले.

"कडा फारच नीट आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी डागावर बोट फिरवलं. डाग लांबला. "बाई, हे काय लावलंय?"

"तीट हाय की, काजळाची. परक्याची नजर पडणार म्हणून."

"गाठीवरच?"

"मग कुटं? नजर तितंच पडणार न्हवं का?"

तेलाच्या बोळ्यानं पुसल्यावर तिथंही तांबडा उजेड आला. बाईंनी नुसत्या दिव्यावर भागवलं नाही. सुईनं पाणी काढलं. स्वच्छ निघालं, गाठ बसली. तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं, तीट न लावता.

परतीच्या गाडीत आत्या झोपली. मी जागीच.

आता ती शेजारणींना सांगते, "कंदील लावून बघितलं. आत सगळं लाल हाय." माझ्या डोळ्यांपुढून मात्र तो डाग हलत नाही.

आज पुन्हा निघायचं होतं. आत्यानं काजळाची डबी उघडली. मी तिचा हात धरला.

"मला न्हवं," ती म्हणाली आणि माझ्या कानामागं बोट टेकवलं. "गेल्या खेपेला तूच लई भ्याली होतीस."

मी शाळेत शिकवते. मी ते पुसलं नाही.