अकरा रविवार

रुबीनाच्या नवऱ्याचा, फिरोजभाईंचा फोन आला तेव्हा मी वैजापूरच्या आमच्या कृषी कार्यालयात होते. सकाळचे पावणेदहा झाले असतील. समोर रोपवाटिकांच्या परवान्यांच्या अर्जांचा गठ्ठा होता आणि दाराशी दोन शेतकरी उभे होते. फिरोजभाई म्हणाले, "वंदनाताई, रुबीना गेली. सव्वानऊला. अजून तिच्या भावाला पण सांगितलं नाही मी. तिनं बजावून ठेवलं होतं, पहिला फोन वंदनाला करायचा. आणि सरळ सांगायचं, तब्येत जास्त आहे, लवकर या, असलं काही बोलायचं नाही." मी "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर दाराशी उभ्या असलेल्यांपैकी एकानं विचारलं, "म्याडम, काय झालं?" मी सांगितलं, "माझी मैत्रीण वारली." तोपर्यंत फिरोजभाई बहुधा अन्वरभाईंचा नंबर लावत असतील. सख्ख्या भावाच्या आधी मला कळावं, हा मान होता असं कुणी समजेल. तो मान नव्हता. ते काय होतं, हे आज पाच आठवड्यांनी लिहायला बसले आहे.

रुबीना आणि मी फलोत्पादनाच्या पदविकेला एका बाकावर बसायचो. मी वैजापूरजवळच्या खेड्यातली, आणि ती क्रांती चौकामागच्या गल्लीतली, पक्की शहरातली. तिचे अब्बा पाटबंधारे खात्यात कारकून, अम्मी घरीच. पण घर अम्मीच चालवायच्या. गच्चीवर तेलाच्या डब्यांत त्यांनी मोगरा, कढीपत्ता, गवती चहा असं सगळं लावलं होतं, आणि रुबीना फुलझाडांच्या शिक्षणाला आली ती त्या डब्यांमुळं. शेवटच्या वर्षी कॉलेजात एक जाहिरात लागली: डेन्मार्कमधल्या रोपवाटिकांत नऊ महिन्यांची इंटर्नशिप, राहायची सोय, शेवटी प्रमाणपत्र. आम्ही दोघींनी अर्ज केले आणि दोघींचीही निवड झाली. माझ्या घरी फार कुणी अडवलं नाही. तिच्या अब्बांनी मात्र सरळ नाही म्हणून सांगितलं. अम्मी तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावून अब्बांच्या समोर बसवलं आणि म्हणाल्या, "ही जातीय ना? मग आपली पण जाईल. दोघी संगं राहतील." निघायच्या दिवशी बस स्टँडवर त्यांनी मला बाजूला घेतलं. "ये लडकी मला कधी खरं सांगणार नाय. आजारी पडली तरी ठीक हूँ म्हणेल. तू सांग मला. जे असेल ते सांग." मी त्यांचा हात धरून हो म्हणाले.

ती रोपवाटिका म्हणजे काचेच्या घरांची रांगच होती. एका घराच्या या टोकाला उभं राहिलं तर ते टोक धूसर दिसायचं. आम्हाला वाटलं होतं, नवीन जाती कशा तयार करतात, रोग कसे ओळखतात, हे शिकवतील. पहिल्या आठवड्यात सगळं फिरवून दाखवलं आणि मग आम्हाला मागच्या बिनखिडकीच्या शेडमध्ये आयव्हीच्या वेलींच्या टेबलाशी उभं केलं. वेलीचा तुकडा छाटायचा, दोन पानं ठेवायची, काळ्या ओल्या मातीच्या कप्प्यात खोचायचा, दाबायचा... की पुढचा. सकाळी सातपासून साडेतीनपर्यंत हेच, जुलैपासून मार्चपर्यंत हेच. त्या मातीनं बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या. रुबीनाच्या चिरा भरून यायच्याच नाहीत. ती रोज नव्या पट्ट्या लावायची. तिथली माणसं वाईट नव्हती. मुकादमीण बाई आम्हाला हातमोजे आणून द्यायची, पण मोजे घातले की हात सावकाश चालायचा, आणि मग तीच घड्याळाकडं बघायची. नोव्हेंबरपासून तर सकाळी कामावर जाताना अंधार आणि परत येतानाही अंधारून आलेलं. दिवसाचा उजेड आम्ही जेवणाच्या सुटीत बघायचो, खिडकीतून.

आमच्या राहायच्या घरात बोळकांडीत एक फोन होता. मोबाईल आमच्यापैकी कुणाकडंच नव्हते. रविवारी रुबीना फोनचं कार्ड घासून घरी फोन करायची आणि कार्ड संपेपर्यंत अम्मीशी बोलायची. जानेवारीतल्या पहिल्या रविवारी तिचा धीर सुटला. "अम्मी, मला नाही राहायचं इथं. हे शिकणं नाही, नुसती मजुरी आहे. मी परत येते." पलीकडून अम्मी काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण रुबीनाचा चेहरा दिसत होता. फोन ठेवून ती म्हणाली, "रागावली. म्हणाली, मैं सब से लड के भेजी तेरे को, आता अर्ध्यावर आलीस तर तोंड दाखवू नको."

पुढच्या रविवारी पाणी द्यायची पाळी रुबीनाची होती. ती सकाळी आठलाच गेली. नऊच्या सुमारास फोन वाजला. अन्वरभाई होते. त्यांनी आधी विचारलं, "रुबीना आहे का तिथं?" मी नाही म्हणाले. "म्हणूनच या टायमाला लावला... वंदना, अम्मी गुजर गई. आज पहाटे, फजरच्या वक्ताला. झोपेतच." मी म्हणाले, मी धावत जाऊन तिला बोलावून आणते. ते म्हणाले, "नको. आधी ऐक. मिट्टी आज असरनंतर आहे, संध्याकाळी दफन. ती निघाली तरी परवा पोहोचेल. काय बघणार ती? अब्बा म्हणतात, जिनं पाठवलं तिचं काम अर्धं राहायला नको. मार्चअखेर ती येणारच हाय. तोपर्यंत तिला कळू द्यायचं नाय. तुझ्याशिवाय हे होणार नाय." मी म्हणाले, "बरं."

ते "बरं" मी का म्हणाले, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळदा दिलं आहे. मोठ्यांचा शब्द होता, बावीस वर्षांचं वय होतं, तिचं भलंच होतं. हे सगळं खरंच आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात पहिलं आलं ते वेगळंच. ही गेली तर या अंधारात, या टेबलापाशी, मी एकटी उरेन... हे आजवर मी फक्त एका माणसाला सांगितलं होतं. आता ते माणूस नाही.

दुपारी ती पाण्यानं भिजलेले बूट घेऊन आली. मी खिचडी केली होती. तिनं पोटभर खाल्ली आणि कार्ड घेऊन फोनकडं निघाली. मी म्हणाले, "अन्वरभाईंचा फोन येऊन गेला. अम्मीचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय." पहिलं खोटं इतकं सहज गेलं की माझंच मला नवल वाटलं. त्यानंतर घरचेही तेच सांगत राहिले. घसा, मग परभणीला बहिणीकडं, रुबीनाच्या खालाकडं गेल्यात, मग तिथला फोन बंद आहे. पण रुबीना खुळी नव्हती. फेब्रुवारीत एकदा टेबलाशी काम करताना हात न थांबवता ती म्हणाली, "अम्मी आजारी नाही. मला माहितीय. ती माझ्याशी बोलत नाही. त्या दिवशीचा राग गेला नाही तिचा." आणि माझ्याकडं बघितलं. "तुला काय वाटतं?"

मला वाटलं, ही स्वतःच एक कारण शोधून देतेय. आता नवं काही बनवायला नको. मी म्हणाले, "असेल. थोडा राग असेल. तू नीट पुरं करून गेलीस की जाईल."

त्या दिवसापासून ती वेड्यासारखी कामाला लागली. मोजे टाकून दिले, सुटीच्या पाळ्या मागून घेतल्या, चिरांवर पट्ट्या लावणंही सोडलं. ट्रेच्या कडांना रक्ताचे डाग दिसायचे. अम्मीच्या पायांना सूज यायची म्हणून तिनं लोकरीचे मोजे घेतले आणि घड्या घालून बॅगेत तळाशी ठेवले. रविवारी ती फोनपाशी जायची, अब्बांशी दोन वाक्यं बोलायची, आणि शेवटी दरवेळी तेच, "अम्मीला सांगा, मी पुरं करूनच येणार." असे अकरा रविवार गेले. ती बोळकांडीत बोलत असायची, मी आत खोलीत बसून ऐकत असायचे. निघताना मुकादमीण बाईनं तिच्या प्रमाणपत्रावर स्वतःच्या हातानं चार चांगल्या ओळी लिहिल्या. विमानात रुबीनानं तो कागद किती वेळा काढून बघितला असेल. मी खिडकीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेतलं.

मुंबईला अन्वरभाई जीप घेऊन आले होते. सबंध रस्ता त्यांनी काही सांगितलं नाही. गल्लीत शिरलो तेव्हा दुपार होती. दारात अब्बा उभे, आत ओळखीच्या-अनोळखी बायका बसलेल्या. रुबीना उंबऱ्यात थांबली. तिनं अब्बांकडं बघितलं, मग आतल्या बायकांकडं, मग गच्चीच्या जिन्याकडं. तिला काही सांगावं लागलं नाही. ती वळून मला म्हणाली, "तुला माहीत होतं?" मी मान हलवली. "कधीपासून?" मी म्हणाले, "जानेवारी. तू पाणी द्यायला गेली होतीस तो रविवार." ती हिशेब लावत असल्यासारखी उभी राहिली. "खिचडी केली होतीस त्या दिवशी," एवढंच म्हणाली आणि आत गेली. माझी बॅग अन्वरभाईंनी जीपमधून काढली नव्हतीच. त्यांनी तसंच मला स्टँडवर सोडलं.

त्यानंतर सहा वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. मी पत्रं लिहिली, ती परत आली नाहीत आणि उत्तरंही आली नाहीत. मला कृषी खात्यात नोकरी लागली. तिचं लग्न झाल्याचं दुसऱ्याच कुणाकडून कळलं. मग माझी बदली शहरातल्या कार्यालयात झाली, आणि एक दिवस रोपवाटिकेच्या परवान्याचा अर्ज टेबलावर आला. जागा बजाजनगरच्या अलीकडं, अर्जदार रुबीना. तपासणी माझ्याकडं होती. साहेबांना सांगून टाळता आली असती, मी गेले. हिरव्या जाळीखाली ती कडेवर वर्षाच्या मुलीला, सनाला, घेऊन उभी होती. तिनं मला वाफे दाखवले, पाण्याची सोय दाखवली, सगळं परक्या माणसाला दाखवावं तसं. मी कागदावर लिहीत राहिले. मग तिनं चहा आणला आणि पोरीला खाली सोडून म्हणाली, "एकच विचारायचं होतं. अम्मी खरंच माझ्यावर रागावूनच गेली का? अन्वरभाई म्हणतात नाही. पण तू तेव्हा म्हणाली होतीस, असेल."

"मला काही माहीत नव्हतं," मी म्हणाले. "ते मी बनवून सांगितलं."

"बनवून..."

"हो. आणि अम्मी गेल्याचं सांगितलं नाही ते फक्त अब्बांसाठी नाही. तू गेलीस तर मी एकटी पडेन म्हणून."

ती वाकून वाफ्यातलं तण उपटू लागली. मग म्हणाली, "सहा वर्षं मी नमाजेला बसले की तिची माफी मागत होते, वंदना." मी रडायला लागले तेव्हा तिनं मला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. निघताना म्हणाली, "यापुढं काही झालं तर त्याच दिवशी सांगायचं. तू मला, मी तुला." पुढं पंधरा वर्षं, माझी बदली परत वैजापूरला झाली तरी, आम्ही एकमेकींच्या घरी गेलो-आलो, सुखदुःखाला उभ्या राहिलो. माफ केलं, असं ती कधी म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या बिघडल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दर रिपोर्ट त्याच दिवशी माझ्या फोनवर यायचा. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी फिरोजभाईंना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, हृदयही थकलंय, आता फार दिवस धरू नका. फिरोजभाई भिंतीला टेकले आणि मला म्हणाले, "ताई, तिला नका सांगू. हात जोडतो." मी त्यांचे हात खाली केले आणि आत गेले. तिनं माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "किती?" मी म्हणाले, "थोडे महिने. कदाचित तेवढेही नाही." तिनं डोळे मिटले. फिरोजभाई पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ती म्हणाली, "सनाची बारावी आहे. मार्चमध्ये परीक्षा. तोपर्यंत तिला..." आणि मध्येच थांबली. नळीतून तिचं रक्त यंत्रात जात होतं, त्याचा तेवढा आवाज. "अब्बांना असंच वाटलं असेल का गं?" तिनं विचारलं. अब्बांना जाऊन सात वर्षं झाली होती. मी म्हणाले, "असेल." ती म्हणाली, "मला ते आज कळतंय. तरी चूकच होतं ते." त्याच संध्याकाळी तिनं सनाला जवळ बसवून स्वतः सगळं सांगितलं. पोरीनं परीक्षा दिली. कशी दिली ते तिचं तिला माहीत. एप्रिलमध्ये रुबीना गेली.

मागच्या आठवड्यात सनानं मला रोपवाटिकेत बोलावलं. आता ती आणि एक माळीबाई मिळून सांभाळतात. जाळीखाली कोपऱ्यात एक ट्रे वेगळा ठेवला होता. रुबीनानं शेवटी खुर्चीत बसून लावलेली जास्वंदीची कलमं. सनानं त्याला रोज पाणी दिलं होतं. "मावशी, बघा ना, लागलीत का ही?" मी एकेक हलकेच ओढून बघितलं. बुडाशी काळी पडून कुजली होती, वरची पानं तेवढी उगीच हिरवी होती. अजून आठ दिवस थांब, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते...

"नाही लागली, सना. एकही नाही."

तिनं मान हलवली. ट्रे उचलून खड्ड्यात रिकामा केला आणि नळाखाली धरला. एकदा धुतला, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. मी विचारलं, "तीनदा कशाला?" ती म्हणाली, "अम्मी तीनदाच धुवायची. कुजलेल्याचा रोग पुढच्या रोपाला जाऊ नये म्हणून." आणि तिनं तो ट्रे उन्हात भिंतीशी उपडा टेकवून ठेवला.